कागदावर लिंग बदललं. विम्याचा हप्ता बदलतो का?

लिंगाची नोंद कायद्याने बदलून घेतली की विमा महाग होतो का, असं विचारलं की बरेचसे एजंट "बघून सांगतो" म्हणतात आणि मग बघत नाहीत. उत्तर तसं अवघड नाही. आपल्याकडे फार थोड्या विम्यांचा हप्ता स्त्री-पुरुष पाहून ठरतो, आणि ठरतो तिथे फरक वर्षाला हजारांत मोजण्याइतका असतो. खरं नुकसान होतं ते दुसरीकडे. आधारवर एक नाव, पॅनवर दुसरं, पॉलिसीवर तिसरं. किंवा अर्जात दाबून ठेवलेलं औषध. तिथे हप्ता नाही, अख्खा दावाच जातो. म्हणून हा लेख हप्त्यापासून सुरू होत असला तरी त्यातला मोठा भाग कागदांचा आहे.

आधी हप्त्याचं बोलू

गाडीच्या विम्यात लिंगाला काहीच किंमत नाही. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणाऱ्या विम्याचा दर केंद्र सरकार ठरवतं, तो वाहनाच्या प्रकारावर आणि इंजिनाच्या क्षमतेवर असतो. स्वतःच्या नुकसानीचा भाग गाडीची किंमत, तिचं वय आणि नोंदणीचं ठिकाण पाहून ठरतो. मुंबई, पुणे, हैदराबादसारखी आठ शहरं 'अ' विभागात, बाकी सगळा देश 'ब' विभागात. मराठवाड्यातले आपले आठही जिल्हे 'ब' मध्ये, म्हणजे थोडा कमी दर. मालक स्त्री, पुरुष की ट्रान्सजेंडर, हे दरपत्रकात येतच नाही.

बँकेतून मिळणाऱ्या दोन सरकारी विम्यांचंही तसंच. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा हप्ता वर्षाला ४३६ रुपये, मृत्यू झाल्यास २ लाख. वय १८ ते ५०. सुरक्षा विमा योजनेचा हप्ता २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. वय १८ ते ७०. सगळ्यांना एकच दर, वैद्यकीय तपासणी नाही. मे महिन्याच्या शेवटी खात्यातून पैसे कापले जातात, तेवढे त्यात शिल्लक ठेवा. वाळूज, शेंद्रा किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांचा ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) पगाराच्या टक्केवारीवर कापला जातो: कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के, पगाराची मर्यादा २१,००० रुपये. इथेही लिंगाचा संबंध नाही.

आरोग्य विम्यात बहुतेक पॉलिसींचा हप्ता वय, विमा रक्कम, शहर आणि आजारांचा इतिहास यांवर ठरतो. इथे मराठवाड्यातल्या माणसाने एक गोष्ट मुद्दाम विचारावी. काही कंपन्या लहान शहरांना स्वस्त दर देतात, पण उपचार मुंबई-पुण्यात घेतले तर बिलाचा काही टक्के भाग तुमच्या खिशातून घेतात. मोठ्या शस्त्रक्रियेला आपल्याकडचे लोक पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठतात. तेव्हा हप्त्यात वाचलेले पैसे त्या एका बिलात निघून जातात.

राहिला टर्म विमा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा आयुर्विमा. लिंगाचा दरावर परिणाम होतो तो मुख्यतः इथे. स्त्रियांचं सरासरी आयुर्मान जास्त, म्हणून त्याच वयाच्या पुरुषापेक्षा स्त्रीचा हप्ता कमी. कागदावर पुरुषाची स्त्री झालेल्या व्यक्तीला नवीन पॉलिसी थोडी स्वस्त पडू शकते, स्त्रीचा पुरुष झालेल्याला थोडी महाग. ज्यांच्या ओळखपत्रावर 'ट्रान्सजेंडर' आहे त्यांना कोणता दर लागतो हे कंपनीगणिक वेगळं असतं. अनेक ठिकाणी पुरुषांचाच लावतात. विक्री माहितीपत्रकात ती ओळ शोधा. नसेल तर ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

फरक किती, ते एका काल्पनिक हिशेबाने बघा. समजा जालन्यातल्या ३२ वर्षांच्या ट्रान्स स्त्रीला ५० लाखांचा टर्म विमा हवा आहे. पुरुष दराने ९,००० आणि स्त्री दराने ७,८०० रुपये हप्ता निघाला, तर वर्षाला १,२०० रुपयांचा फरक. २८ वर्षांत ३३,६००. पण कागद पूर्ण होण्याची वाट पाहत ती दोन-तीन वर्षं थांबली, तर वय वाढल्यामुळे यातला बराचसा फायदा वितळतो, आणि मधल्या काळात डोक्यावर विमाच नाही. माझं मत सरळ आहे: घरात तुमच्या कमाईवर कुणी अवलंबून असेल तर नव्या कागदासाठी थांबू नका. आज जो कागद हातात आहे त्यावर पॉलिसी घ्या, आणि वैद्यकीय बाबी खऱ्या लिहा. अवलंबून कुणीच नसेल तर टर्म विम्याची घाई नाही, आरोग्य विमा आधी बघा.

एक दिलासा सगळ्यांना सारखा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. कुणी जुन्या कोटेशनचा कागद दाखवत असेल तर नवीन मागा.

कागदांचा क्रम

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात आपली लिंग ओळख आपणच ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्यानंतर ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा, २०१९ आला आणि १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्यात दोन वेगळी प्रमाणपत्रं आहेत, आणि विम्याच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. कलम ६ खाली जिल्हाधिकारी 'ट्रान्सजेंडर' म्हणून ओळख प्रमाणपत्र देतात. शस्त्रक्रियेनंतर कलम ७ खाली 'स्त्री' किंवा 'पुरुष' असं सुधारित प्रमाणपत्र मिळतं. त्याला वैद्यकीय अधीक्षक किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. टर्म विम्यात स्त्री-पुरुषाच्या दराचा खात्रीने प्रश्न येतो तो या दुसऱ्या प्रमाणपत्रानंतर.

अर्ज राष्ट्रीय ट्रान्सजेंडर पोर्टलवर होतो. संभाजीनगर असो की हिंगोली, कलेक्टर ऑफिसला सारखे खेटे घालायची गरज पडू नये म्हणूनच ते पोर्टल नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालं. मोबाइलवर जमत नसेल तर महा ई-सेवा केंद्रातून भरा, पण शेजारी बसून भरा. नावाचं स्पेलिंग तिथे चुकलं की पुढे प्रत्येक कागदावर चुकतं. अडलं तर समाज कल्याण विभागाच्या सहायक आयुक्तांचं जिल्हा कार्यालय गाठा. या कायद्याच्या अटींत बदल होत असतात, विशेषतः वैद्यकीय कागद कधी आणि कोणता लागतो याबाबत. म्हणून वर्षभरापूर्वी मैत्रिणीने काय जोडलं होतं यावर जाऊ नका. अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवरची यादी वाचा.

नाव बदलायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी करून घ्या. नुसतं नोटरीचं शपथपत्र विमा कंपन्या कधी घेतात, कधी परत पाठवतात. राजपत्राला सहसा कुणी नाही म्हणत नाही. त्याची पीडीएफ तीन ठिकाणी साठवून ठेवा.

मग आधार. इथे जरा थांबून विचार करायला हवा, कारण आधारमध्ये लिंगाची नोंद एकदाच बदलता येते. नाव दोनदा. आता ज्या व्यक्तीला कलम ६ चं प्रमाणपत्र मिळालं आहे आणि शस्त्रक्रिया ठरलेली आहे, तिने घाईने आधारवर 'ट्रान्सजेंडर' करून घेतलं, तर पुढे 'स्त्री' करायला अपवाद म्हणून आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या प्रादेशिक कार्यालयाकडे जावं लागतं. आपलं ते मुंबईत. होतं, पण वेळ खातं. तोवर केवायसी अडतं, आणि केवायसी अडलं की पॉलिसी अडते. म्हणून शस्त्रक्रिया जवळ आली असेल तर प्रमाणपत्र लगेच काढा, नाव लगेच बदला, आणि लिंगाची नोंद कलम ७ च्या कागदानंतर एकदाच बदला. ज्यांना शस्त्रक्रिया करायचीच नाही किंवा 'ट्रान्सजेंडर' हीच आपली ओळख वाटते त्यांनी थांबायचं काही कारण नाही.

आधारनंतर पॅन. २०१८ पासून पॅनच्या अर्जात ट्रान्सजेंडरचा स्वतंत्र पर्याय आहे. त्यानंतर बँक, आणि बँकेत नव्या सहीचा नमुनाही द्या. जाता जाता 'माझी सीकेवायसी नोंद अपडेट करा' असं लेखी सांगा. हा शब्द फारसा कुणी सांगत नाही. सीकेवायसी म्हणजे तुमच्या केवायसीची मध्यवर्ती नोंद, १४ आकडी क्रमांकाची. १ जानेवारी २०२३ पासून कोणत्याही नव्या विम्याला केवायसी सक्तीचं आहे आणि कंपन्या ते बऱ्याचदा इथूनच उचलतात. तुम्ही नवं आधार हातात घेऊन बसलेले असता आणि संगणकावर जुनं नाव, जुना फोटो येतो, तो इथून.

औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. पत्त्यात जुनं नाव आहे म्हणून विमा कंपनीने दावा अडवल्याचं सहसा ऐकू येत नाही. गावाला जी सवलत मिळते ती माणसाला मिळत नाही, हे गृहीत धरून चाला.

जुनी पॉलिसी असेल तर

आधीची आयुर्विमा पॉलिसी लिंग बदललं म्हणून रद्द होत नाही. ठरलेल्या हप्त्याची पॉलिसी असेल तर हप्ता घेतेवेळी ठरला तोच पुढे चालतो. तुम्ही अर्ज भरला तेव्हा कागदावर जे होतं तेच लिहिलंत, त्यामुळे ती खोटी माहिती ठरत नाही. एखादा एजंट "आता नवीन नावाने नवीन पॉलिसी काढा, जुनी सरेंडर करा" म्हणाला तर त्याला त्यातून कमिशन मिळणार आहे एवढं लक्षात ठेवा. जुनी मोडली तर वाढलेल्या वयाचा दर लागेल आणि मिळालेली सगळी वर्षं शून्यावर येतील.

ही वर्षं का मोलाची, ते सांगतो. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ प्रमाणे आयुर्विमा पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की चुकीच्या माहितीचं कारण काढून कंपनी तिला आव्हान देऊ शकत नाही. आरोग्य विम्यात असा काळ सलग ६० महिन्यांचा आहे, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. स्त्रीचा पुरुष झालेल्या व्यक्तीकडे स्त्री दराची जुनी टर्म पॉलिसी असेल तर तिला जीव लावून सांभाळावं. हप्ता चुकला आणि पॉलिसी पुन्हा चालू करून घेतली, तर तीन वर्षं त्या तारखेपासून नव्याने मोजली जातात.

करायचं एवढंच: कंपनीच्या शाखेत नाव, लिंग, फोटो आणि सही बदलण्याचा अर्ज द्या. सोबत ओळख प्रमाणपत्र, राजपत्र, नवं आधार, नवं पॅन. पोच घ्या. कंपनी बदलाचं एंडॉर्समेंट, म्हणजे लेखी नोंद देते, ते मूळ बाँडला जोडून ठेवा. तोंडी "सिस्टीमला टाकलंय" यावर उठू नका. मृत्यूचा दाखला नव्या नावाने येणार आहे आणि तेव्हा तो जुळवून दाखवायला तुम्ही नसाल.

नवा अर्ज भरताना

अर्जात लिंगाच्या रकान्यात तुमच्या आजच्या ओळखपत्रावर जे आहे तेच लिहा. मनातलं लिंग वेगळं आणि कागदावरचं वेगळं, ही आपल्याकडची रोजची अडचण आहे, पण विम्याचा अर्ज ही ती सोडवायची जागा नाही.

वैद्यकीय प्रश्नांची उत्तरं मात्र पूर्ण द्या. हार्मोन्स चालू आहेत का, कुणाच्या सल्ल्याने, शस्त्रक्रिया झाली असेल तर कधी, नैराश्यावर गोळ्या घेतल्या का. एजंट म्हणेल, "हे कशाला लिहिता, हप्ता वाढेल." वाढू द्या. जास्तीचा हप्ता लावायचा तर कंपनीला आधी तुमची संमती घ्यावी लागते. पटलं नाही तर नकार देऊन दुसरीकडे जाता येतं. लपवलेली गोष्ट मात्र पहिल्या तीन वर्षांत सापडली तर दावा जातो आणि तेव्हा दुसरीकडे जायची सोय नसते. हार्मोन्स डॉक्टरविना, मेडिकलवरून किंवा ऐकीव सल्ल्याने घेत असाल, तर विम्याच्या आधी संभाजीनगरच्या घाटीसारख्या सरकारी रुग्णालयात किंवा एखाद्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोन्सच्या डॉक्टरकडे) रक्त तपासून घ्या. लिव्हर, साखर आणि चरबीचे ताजे रिपोर्ट सोबत असले की कंपनीला अंदाजाने जास्त हप्ता लावायला कमी जागा उरते.

एचआयव्हीसह जगणाऱ्यांना कायद्याचं संरक्षण आहे. एचआयव्ही आणि एड्स कायदा, २०१७ नुसार विमाशास्त्रीय आकडेवारीचा आधार असल्याशिवाय केवळ एचआयव्हीमुळे विमा नाकारणं किंवा अन्यायकारक वागवणं हा भेदभाव आहे. मानसिक आजारांबाबत मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा द्यायला सांगतो.

उत्पन्नाचा पुरावा ही वेगळी अडचण. बधाई, जोगवा, बाजारातली मागणी यांवर जगणाऱ्याकडे सॅलरी स्लिप कुठून येणार? अशांनी 'सरल जीवन बीमा' हे नाव लक्षात ठेवावं. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या इर्डाईने १ जानेवारी २०२१ पासून आयुर्विमा कंपन्यांना द्यायला लावलेली ही सारख्या अटींची टर्म पॉलिसी आहे. ५ ते २५ लाखांपर्यंत, वय १८ ते ६५, आणि तिच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की लिंग, राहण्याचं ठिकाण, व्यवसाय, शिक्षण यांवरून ती नाकारता येणार नाही. दोन गोष्टी खटकणाऱ्या: हप्ता नेहमीच्या टर्मपेक्षा चढा असतो आणि पहिले ४५ दिवस अपघात सोडून दुसऱ्या मृत्यूला संरक्षण नाही. तरीही दारातून परत पाठवलेल्या माणसासाठी ती चांगली सोय आहे. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत वाचून पटली नाही तर परत करता येते.

शस्त्रक्रियेचा खर्च कोण देतं

खासगी आरोग्य विमा सहसा देत नाही. पॉलिसीच्या अपवादांच्या यादीत 'एक्सक्ल ०७' असा कोड शोधा. लिंगबदलाचे उपचार वगळण्याचं ते प्रमाणित कलम आहे. काही मोठ्या कंपन्यांच्या गट विम्यात हे कलम काढून घेतलेलं असतं, म्हणून नोकरी असेल तर एचआरकडून गट पॉलिसीची प्रत मागा. हे कलम लिंगबदलाच्या उपचारांपुरतं आहे. ट्रान्स पुरुषाच्या गर्भाशयात गाठ झाली किंवा ट्रान्स स्त्रीला प्रोस्टेटचा त्रास झाला, तर तो साधा आजार. पण कागदावर 'पुरुष' आणि बिलावर 'गर्भाशय' दिसलं की संगणक दावा बाहेर टाकू शकतो. कॅशलेसच्या अर्जासोबत डॉक्टरांच्या लेटरहेडवर दोन ओळींचं स्पष्टीकरण आणि ओळख प्रमाणपत्राची प्रत आधीच जोडा. स्त्रियांसाठीच्या खास गंभीर आजार पॉलिसी असतात. लिंगाची नोंद बदलल्यावर त्यातलं संरक्षण चालू राहील का, हे बदल नोंदवण्याआधी लेखी विचारा.

सरकारी बाजू जास्त उदार आहे. आयुष्मान भारत टीजी प्लससाठी २४ ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण आणि सामाजिक न्याय मंत्रालयात करार झाला. राष्ट्रीय पोर्टलचं प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण, आणि त्यात लिंग पुष्टी शस्त्रक्रिया व हार्मोन उपचारही धरलेले. अट अशी की असाच लाभ दुसऱ्या सरकारी योजनेतून घेत नसावा. हप्ता शून्य. आधी १४५५५ वर फोन करून जवळचं कोणतं रुग्णालय या उपचारांसाठी पॅनेलवर आहे ते विचारा, मगच गाडीत बसा. 'आयुष्मान'चा फलक असलेलं प्रत्येक रुग्णालय ही शस्त्रक्रिया करत नाही.

बाकीच्या आजारांना महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. मराठवाड्यातल्या पांढरं रेशनकार्ड असलेल्या शेतकरी कुटुंबांना ती आधीपासून मिळत होती, कारण आपले आठही जिल्हे शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांच्या यादीत. आता ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली आहे, मर्यादा ५ लाख. अडतं ते रेशनकार्डावर. घर सोडलेल्याचं नाव आई-बापाच्या कार्डावर जुन्याच नावाने, किंवा कापून टाकलेलं. तहसीलच्या पुरवठा शाखेत स्वतंत्र कार्डाचा अर्ज आजारी पडण्याआधी करा. रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर हा गुंता सुटत नाही.

वारस कोण लावायचा

बहुतेकांना गुरूला किंवा चेल्याला नॉमिनी लावायचं असतं. लावता येतं, पण कायदा काय म्हणतो ते समजून घ्या. विमा कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. गुरू, चेला, जोडीदार, मैत्रीण नॉमिनी असेल तर पैसे त्यांच्या हातात येतात, पण रक्ताचे वारस हक्क सांगू शकतात. ज्या भावाने उंबऱ्यावरून हाकललं तोच पुढे हक्काला उभा राहू शकतो. त्यामुळे नॉमिनेशनसोबत मृत्युपत्र करा. दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून ठेवली तर वाद कमी होतो. मृत्युपत्रात दोन्ही नावं लिहा: "पूर्वीचे नाव अमुक, राजपत्रानुसार आताचे नाव तमुक", आणि पॉलिसी क्रमांक.

नाकारलं तर

नकाराचं कारण लेखी मागा. "वरून रिजेक्ट झालं" हे कारण नव्हे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. इर्डाईच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवता येते. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा; मराठवाड्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, फी नाही. तक्रार वकिलामार्फत करता येत नाही, स्वतः किंवा वारस-नॉमिनीनेच करावी लागते. सही नव्या नावाची आणि पॉलिसी जुन्या नावाची असेल, तर तक्रारीच्या पहिल्याच पानामागे राजपत्राची प्रत लावा.